पापडखारापासून खारफुटीपर्यंत

चैत्र सरत आला की नाशिकच्या जुन्या वस्तीतील गच्च्यांवर पांढऱ्या धोतरांच्या घड्या उलगडतात आणि त्यांवर उडदाच्या पापडांच्या रांगा लागतात. आमच्या घरी हा दिवस सणासारखाच असे. शेजारच्या काकू, आत्या, वहिन्या पोळपाट-लाटणी घेऊन येत. पीठ तिंबण्याचे काम मात्र दादीसा कोणाच्याही हाती देत नसत. पाणी उकळून त्यात मीठ आणि पापडखार विरघळवायचा, ते निवू द्यायचे, वरचे निवळ पाणी तेवढे घ्यायचे आणि तळाशी बसलेला गाळ टाकून द्यायचा, हा त्यांचा दंडक होता. खार कमी पडला तर पापड फुलत नाही आणि जास्त झाला तर तोंडाला चरचरतो व तांबूस पडतो. ते प्रमाण दादीसांच्या बोटांना ठाऊक होते.

किराण्याच्या दुकानात वाढलेल्या मुलाला पापडखार ही काही नवलाची वस्तू नव्हे. हिंग, मिरी, सोडा यांच्या शेजारी त्याचा डबा असायचाच. परंतु काही वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीने दुकानात विचारले, "काका, हा खार कशापासून करतात?" तेव्हा मी चटकन म्हणालो, "खाणीतून येतो." ती गेल्यावर मनाला चुटपुट लागली. आपण ज्या मालाचा व्यापार तीन पिढ्या करतो, त्याचे मूळ आपणांस ठाऊक नसावे? त्या चुटपुटीतून जे वाचन झाले, त्याने मला गोदावरीकाठच्या दुकानातून थेट समुद्रकाठच्या चिखलात नेऊन उभे केले. त्यातच घरातील एका आजारपणाचा प्रसंग घडला आणि केवळ कुतूहलाचा असलेला हा विषय आरोग्याचा झाला. म्हणून आज तो वाचकांपुढे मांडतो.

सज्जीखाराची कुळकथा

पापडखाराचे जुने नाव सज्जीखार. संस्कृत वैद्यकग्रंथांत तो स्वर्जिकाक्षार म्हणून येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षार कसा तयार करावा याचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. वनस्पती जाळावी, राख पाण्यात कालवावी, गाळावी आणि ते पाणी आटवावे, अशी ती रीत आहे. दादीसांची निवळ घेण्याची पद्धत याच परंपरेतील एक छोटी पायरी म्हणावी लागेल.

सज्जीखार हा पूर्वी खाणीतला नव्हता, तो झाडाचा होता. राजस्थान, सिंध आणि पंजाब येथील खारट, ओसाड जमिनीवर लाणा व त्याच्या जातीची मांसल, जवळजवळ पर्णहीन झुडपे उगवतात. ती कापून, वाळवून खड्ड्यात जाळीत. राख तापून वितळे आणि थंड झाल्यावर तिचे दगडासारखे ढेकूळ बने. तीच सज्जी. धुलाईला, साबणाला, काचेला, रंगकामाला आणि पापडाला ती लागे. मारवाडातून दक्षिणेकडे आलेल्या आपल्या पूर्वजांच्या परिचयाचा हा माल होता.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हीच गोष्ट घडत होती. स्पेनच्या किनाऱ्यावर अशाच खारट झुडपांची राख काच आणि साबण यांसाठी जहाजे भरून निर्यात होई. अरबांनी या राखेला ‘अल्-कली’ म्हटले आणि त्यावरूनच रसायनशास्त्रातला ‘अल्कली’ हा शब्द रूढ झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ याने साध्या मिठापासून सोडा तयार करण्याची रीत शोधली आणि झाडांच्या राखेचा व्यापार हळूहळू मावळला. आपल्याकडे सौराष्ट्रातील मिठापूर येथे १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली. आज बाजारात मिळणारा बराचसा पापडखार झाडाच्या राखेचा नसून कारखान्यातील सोड्याचाच असतो.

रासायनिक दृष्ट्या दोन्हींचा गाभा एकच आहे : सोडियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट. फरक इतकाच की राखेत पोटॅशियम, गंधकयुक्त क्षार आणि साधे मीठही मिसळलेले असे. येथे गृहिणींनी एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. शंभर ग्रॅम मिठात सुमारे ३९ ग्रॅम सोडियम असते, शंभर ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे २७ ग्रॅम, तर शंभर ग्रॅम कोरड्या सोडियम कार्बोनेटमध्ये सुमारे ४३ ग्रॅम. म्हणजे “आम्ही पापडात मीठ बेताचेच घालतो” असे म्हणताना खाराचे सोडियम हिशेबाबाहेर राहते. जिभेला ते खारट लागत नाही, पण रक्तदाबाच्या खात्यावर ते जमा होतेच.

वैतरणेच्या मुखाशी

नाशिकहून समुद्र दूर आहे खरा, पण आपल्या जिल्ह्याचे त्याच्याशी नाते जुने आहे. त्र्यंबकेश्वराच्या डोंगररांगेत एका अंगाला गोदावरी उगम पावून पूर्वेला जाते, तर त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा सह्याद्री उतरून पश्चिमेला धावते आणि पालघर जिल्ह्यात अरबी समुद्राला मिळते. पूर्वी कोकणच्या मिठागरांतील मीठ बैलांच्या पाठीवर लादून तांडे थळ घाटाने वर देशावर येत. पाणी खाली उतरे आणि मीठ वर चढे, असा तो निसर्गाचा व व्यापाराचा देवघेवीचा रस्ता होता.

या वैतरणेच्या खाडीत शिरले की दोन्ही काठांना हिरवीगर्द झाडी दिसते. ओहोटीच्या वेळी चिखलातून हजारो टोके वर आलेली असतात. ती तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून मुळे श्वास घेण्यासाठी वर डोके काढतात. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, गेवा, झुंबर आणि मारांडी ही या खारफुटीच्या कुटुंबातील मंडळी. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर किनाऱ्यावर त्यांच्या जवळपास वीस जाती आढळतात. २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

या वृक्षांच्या पायाशी, भरतीचे पाणी कधीमधी पोहोचते अशा खाजणात, बुटक्या मांसल वनस्पती पसरलेल्या असतात. मोरस, माचूळ अशी त्यांची नावे. गावागावांनुसार ती बदलतात. माचूळ म्हणजे शास्त्रज्ञांची सॅलिकॉर्निया. तिला पाने जवळजवळ नसतातच, जणू हिरव्या मण्यांच्या जोडलेल्या कांड्या. हिवाळ्यानंतर ती लालसर होते. किनाऱ्यावरील कुटुंबे मोरसाच्या कोवळ्या पानांची भाजी करतात आणि त्या भाजीत मीठ घालीत नाहीत, कारण ते झाडानेच घातलेले असते. मारवाडच्या ज्या झुडपांपासून सज्जी होई, त्यांचीच ही समुद्रकाठची सख्खी भावकी. अशा रीतीने दुकानातील डबा आणि खाडीतील चिखल यांची सोयरीक जुळते.

खाऱ्या पाण्यात जगायचे कसे?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात भांड्यात पाणी सुटते. मीठ फोडींतले पाणी ओढून घेते. गव्हाचे वा भाजीचे रोप खाऱ्या पाण्यात लावले तर त्याचेही तेच होते. मुळाशी पाणी असूनही ते तहानेने वाळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मग तिवर आणि मोरस त्यात हिरवे कसे राहतात?

त्यांच्या तीन युक्त्या आहेत. पहिली युक्ती उंबरठ्यावरच अडवण्याची. कांदळाची मुळे पाणी आत घेताना त्यातील बहुतांश मीठ बाहेरच गाळून टाकतात. दुसरी युक्ती आलेले बाहेर टाकण्याची. तिवर, काजळा आणि मारांडी यांच्या पानांवर क्षारग्रंथी असतात. त्या खारे पाणी बाहेर सोडतात आणि उन्हात पानांवर मिठाचे कण चमकू लागतात. तिसरी युक्ती साठवण्याची, ती माचूळ आणि मोरसाची. व्यापाऱ्याला ती सहज कळेल. पेशीच्या आत एक मोठी पोकळी असते, ते जणू गोदाम. तिच्याभोवतीच्या जिवंत द्रवात सगळे व्यवहार चालतात, ती जणू पेढी. वनस्पती मीठ उचलून थेट गोदामात कोंडते आणि पेढीवर त्याचा कण सांडू देत नाही.

पण गोदाम खारट आणि पेढी अळणी, असे झाले तर पेढीतले पाणी गोदामाकडे ओढले जाईल. तोल राखण्यासाठी वनस्पती पेढीवर असे पदार्थ साठवते जे पाणी धरून ठेवतात पण कामात विघ्न आणीत नाहीत. ग्लायसिन बीटेन आणि प्रोलीन ही त्यांतली दोन महत्त्वाची. शिवाय खारटपणा, ऊन आणि हवेचा अभाव या तिहेरी ताणामुळे पेशीत प्राणवायूचे उपद्रवी अंश निर्माण होतात. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन आणि कॅरोटिनॉइड ही रसायने तयार होतात. कांदळाच्या सालीत तर टॅनिन एवढे भरपूर की ती साल कातडी कमावण्यास व मासेमारीची जाळी रंगवून टिकाऊ करण्यास वापरली जात असे.

थोडक्यात, या वनस्पतींची रसायने म्हणजे त्यांच्या संकटकाळची पुंजी होय. माणसाचे औषधशास्त्र या पुंजीकडे आशेने पाहत आहे, ते यामुळेच.

आपल्या बागांतली खार सोसणारी मुळे

हे सारे परक्या किनाऱ्याचे, असे नाशिककरांनी समजू नये. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातील द्राक्षवेलींचे खोड जमिनीलगत पाहिले तर एक सांधा दिसतो. वरचा वेल थॉमसनचा वा अन्य गोड जातीचा, पण खालचे मूळ डॉगरिज नावाच्या अमेरिकी जंगली वेलाचे. पाण्याची टंचाई आणि खारवट होत चाललेली जमीन व विहिरी यांमुळे स्वमुळावरच्या बागा खंगू लागल्या, तेव्हा महाराष्ट्रातील बागायतदारांनी ही अधिक सोशिक मुळे स्वीकारली. आपण जे बेदाणे तोलतो, त्यांतील कित्येकांचा गोडवा खार सोसणाऱ्या मुळावर उभा आहे. कोकणात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ मालिकेतील खार सोसणारे भाताचे वाणही दिले आहेत.

आरोग्याचे दावे : तराजू हाती घेऊन

आता मुख्य प्रश्न. या वनस्पती खाल्ल्याने वा त्यांचे मीठ वापरल्याने आरोग्य सुधारते काय? अलीकडे ‘हिरवे मीठ’, ‘समुद्री भाजीचे मीठ’, ‘खारफुटीचा अर्क’ अशा नावांनी वस्तू येऊ लागल्या आहेत. त्यांच्या वेष्टनांवर मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत सारे काही लिहिलेले आढळते. माल तोलताना आपण पासंग पाहतो, तसा येथेही पाहिला पाहिजे.

प्रथम बीटेन. ते मानवी शरीरालाही उपयोगी आहे. रक्तातील होमोसिस्टीन नावाचा घटक कमी करण्यास ते मदत करते. होमोसिस्टिन्युरिया या दुर्मीळ जन्मजात विकारात ते औषध म्हणून दिलेही जाते. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांना यात विशेष रस वाटेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की, आपल्याकडे जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता व्यापक आहे आणि तिच्याबरोबर होमोसिस्टीन वाढलेले आढळते. परंतु यावरून “समुद्री भाजी खा आणि बी-१२ विसरा” असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. बी-१२ च्या अभावाने नसा आणि रक्त यांची जी हानी होते, ती बीटेनने थांबत नाही. तेथे तपासणी आणि बी-१२ हाच मार्ग.

दुसरी पॉलिफेनॉल आणि टॅनिन. खारफुटीच्या पानांचे व सालींचे अर्क प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतात, उपद्रवी प्राणवायूला आवर घालतात आणि उंदरांमध्ये रक्तातील साखर वा सूज कमी करतात, असे निष्कर्ष पुष्कळ आहेत. ते खोटे नाहीत. पण काचेच्या कुपीत दिसलेला गुण पोटातून, यकृतातून, रक्तातून जाऊन माणसात दिसतोच असे नाही. उंदराला वजनाच्या मानाने दिलेली मात्रा माणसाला देता येईल असेही नाही. या अर्कांच्या माणसांवरील मोठ्या, काटेकोर चाचण्या अद्याप फारच थोड्या आहेत. ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाचले की विचारावे : कोणावर सिद्ध? कुपीत, उंदरात की माणसात?

तिसरे तेल. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅलिकॉर्नियाच्या एका जातीच्या बियांत २६ ते ३३ टक्के तेल आणि ३१ टक्के प्रथिने आढळली. तेलातील लिनोलेइक आम्लाचे प्रमाण करडईच्या तेलाशी तुलना करण्याजोगे होते. गोड्या पाण्याच्या टंचाईच्या जगात, समुद्राच्या पाण्यावर तेलबी पिकू शकते ही वार्ता मोठी आहे. तो उद्याच्या शेतीचा विषय ठरेल. आज मात्र किराण्याच्या फळीवर तिने जागा घेतलेली नाही.

चौथा पीलू. खारवट जमिनीत वाढणारे हे झाड, ज्याला खाकण असेही म्हणतात, त्याच्या काड्यांचे दातण पिढ्यानपिढ्या वापरात आहे. त्यातील गंधकयुक्त तिखट घटक जंतूंना रोखतो आणि तंतू दात घासतात. या सर्व दाव्यांत दीर्घकालीन मानवी अनुभवाचे पाठबळ असलेला हा एक दावा आहे.

हिरव्या मिठाची कथा आणि आमच्या घरचा धडा

भावनगर येथे १९५४ पासून केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था कार्यरत आहे. तेथील शास्त्रज्ञांनी माचुळापासून खाद्य मीठ काढण्याची पद्धत विकसित केली. त्या मिठाला ‘सलोनी’ असे सुरेख नाव मिळाले. त्यात सोडियम क्लोराइडबरोबरच वनस्पतीतील पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि अन्य खनिजे असतात. ही कल्पना शास्त्रशुद्धच होती : सोडियम थोडे कमी आणि पोटॅशियम थोडे अधिक.

या कल्पनेला मोठा आधार मिळाला तो चीनमधून. तेथील ६०० खेड्यांतील सुमारे २१ हजार लोकांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या अभ्यासात निम्म्या खेड्यांना साधे मीठ आणि निम्म्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले. २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले : दुसऱ्या गटात पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होते. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरगुती वापरासाठी अशा कमी-सोडियम मिठाची शिफारस केली. पण शिफारशीतच एक अपवाद आहे : मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांच्या शरीरात पोटॅशियम साचण्याचा धोका आहे त्यांनी ते वापरू नये. गर्भवती स्त्रिया व मुले यांनाही ती शिफारस लागू नाही.

हा अपवाद आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला. आमचे थोरले काका पंचाहत्तरीच्या पुढचे. जन्मभर पेढीवर बसून काम, त्यात रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे कार्य थोडे मंदावलेले. एका नातेवाइकाने प्रवासातून वनस्पतिजन्य मिठाची सुबक बाटली आणली आणि प्रेमाने दिली. “काकासा, हे झाडाचं मीठ आहे. कितीही खा, अपाय नाही.” काकांना आयुष्यभर अळणी खाण्याचा कंटाळा आलेला. ताकात, वरणात, काकडीवर ते मुक्तहस्ते पडू लागले. दीड महिन्याने नेहमीची रक्ततपासणी झाली आणि डॉक्टरांचा फोन आला. पोटॅशियम वाढले होते. डॉक्टरांनी विचारले, “आहारात नवीन काय सुरू केलं?” काका म्हणाले, “काही नाही, फक्त मीठ बदललं.”

वेळेवर कळले म्हणून निभावले. बाटली बंद झाली आणि औषधे बदलली गेली. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडू शकते आणि ती बिघडेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. काकांच्या गोळ्या त्यांतल्याच होत्या. ज्या मिठाने शेजारच्याला लाभ होईल, तेच आपल्या घरातील वृद्धाला बाधेल. दोष त्या वनस्पतीचा नव्हता. दोष “झाडाचे आहे, म्हणजे निरुपद्रवी” या आपल्या भाबड्या समजुतीचा होता. गेव्याचे झाडही खारफुटीतलेच आहे, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरते अंधत्व येते.

ताटात आणायचे तर

किनाऱ्यावर कोणा स्नेह्याकडे मोरसाची भाजी वाढली गेली तर ती अवश्य चाखावी. किनाऱ्यावरील सुगरणी ती स्वच्छ धुतात, उकळतात, ते पाणी टाकून देतात आणि मग फोडणीला घालतात. या रीतीत शास्त्र आहे : जास्तीचे मीठ आणि ऑक्सॅलेटचा काही भाग पाण्याबरोबर जातो. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने घ्यावी. चातुर्मासात हिरवी भाजी सोडणाऱ्या घरांना हा प्रश्न इतर ऋतूंतच येईल.

मात्र भाजी कोठून आली हे विचारणे अत्यावश्यक आहे. या वनस्पती चिखलातील क्षारांबरोबर शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही शोषू शकतात. कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या खाडीतील भाजी दिसायला हिरवी असली तरी ती पथ्याची नव्हे.

आणि खारफुटीची झाडे तोडून आणणे तर सर्वथा टाळावे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात ते संरक्षण कायम केले. २०१२ पासून वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. भरतीच्या लाटा अडवणारी, किनारा धरून ठेवणारी आणि असंख्य जलचरांच्या पिल्लांना आसरा देणारी ही झाडी औषधाच्या नावाखाली ओरबाडली गेली, तर त्या औषधात अगणित जीवांची हिंसा मिसळलेली असेल. आपल्याकडे मिठालाच पृथ्वीकाय मानून त्याच्या कणाचाही विचार करण्याची परंपरा आहे. कणाचा विचार करणाऱ्याने वनाचा विचार करू नये, हे संभवत नाही.

व्यापाऱ्याचे कर्तव्य, गृहिणीचे प्रमाण

आपण केवळ ग्राहक नाही, विक्रेतेही आहोत. म्हणून दोन शब्द दुकानदार बंधूंसाठी. असे कोणतेही मीठ वा अर्क फळीवर ठेवण्यापूर्वी वेष्टनावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, सोडियमचे प्रमाण आणि पोटॅशियमचा उल्लेख आहे काय, ते पाहावे. रोग बरा होतो असे लिहिले असेल तर तो माल परत करावा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडाहून मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. वृद्ध माणूस कमी-सोडियम मीठ मागू लागला तर “डॉक्टरांना विचारलंत का?” एवढा एक प्रश्न आपण विचारू शकतो. त्या प्रश्नाने एखादी बाटली कमी खपेल, पण एखादे घर वाचेल. तसेच धुण्याचा सोडा आणि खाण्याचा पापडखार यांचे डबे वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या आणि मापेही वेगळी ठेवावीत.

गृहिणींसाठी हिशेब साधा आहे. प्रौढ माणसाला दिवसभरात सर्व मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, फरसाण, खाखरे, चटणी आणि वरून घेतलेले मीठ हे सारे त्याच चमच्यात बसवायचे आहे. चार माणसांच्या घराने महिन्याला किती मीठ आणले हे वहीत लिहून पाहावे. सहाशे ग्रॅमच्या वर गेले तर कोठे तरी गळती आहे. व्यापारी घरात जमाखर्च सगळ्या गोष्टींचा होतो, तो मिठाचाही व्हावा.

थोरले काका आता बरे आहेत. ताक पुन्हा अळणी पितात. त्यात भाजलेले जिरे आणि लिंबाचे दोन थेंब घालून देतो. चवीची तक्रार कमी झाली आहे.

या वर्षीही गच्चीवर पापड झाले. दादीसा नाहीत, पण निवळ पाणी घेण्याची त्यांची रीत आहे. पीठ तिंबताना सुनेने मीठ नेहमीपेक्षा एक चतुर्थांश कमी केले, कारण खाराचे सोडियम तिने हिशेबात धरले होते. पापड तितकाच फुलला. ती शाळकरी मुलगी आता महाविद्यालयात जाते. परवा दुकानात आली तेव्हा मी तिला म्हणालो, “बेटा, त्या दिवशी मी चूक सांगितलं. खार आता कारखान्यातून येतो, पण त्याचा आजा-पणजा झाड होता.” ती हसली आणि म्हणाली, “काका, मग त्या झाडाची सगळी गोष्ट सांगा की!” तिला जी सांगितली, तीच येथे लिहिली आहे.